म्हशीची ढेकर आणि आमची अक्कल

परवा आमच्या गावच्या व्हॉट्सॲप गटावर एक निरोप आला. 'बाभळीच्या शेंगांची भुकटी गाई-म्हशींना चारा. दूध वाढवा, मिथेन घटवा, पृथ्वी वाचवा!' खाली जोडलेल्या हातांची चार चित्रं आणि 'जास्तीत जास्त शेतकऱ्यांपर्यंत पोहोचवा' ही नेहमीची विनंती. एरवी मी असल्या निरोपांना उत्तर देत नाही. लिंबू-मधाने मधुमेह बरा करणाऱ्यांशी कोण वाद घालणार? पण हा निरोप नेमका दुखऱ्या जागी बसला. म्हणून हे एवढं लांबलचक लिहितोय. गटावर लिहिलं असतं तर कोणी वाचलं नसतं, इथे निदान दोन-चार जण तरी वाचतील.

दुखरी जागा अशी. गेल्या उन्हाळ्यात मी स्वतः हा उद्योग करून बसलोय. आमचं गाव मंगरुळपीर तालुक्यातलं. मी नोकरीला वाशीमला, घरी आबा आणि एक म्हैस. दूध घरापुरतं आणि थोडं डेअरीला. एका दुकानात 'संपूर्ण हर्बल' लिहिलेलं पोतं दिसलं. आत बाभूळ, हिरडा आणि 'इतर वनस्पती'. दुकानदाराने सांगितलं की यात टॅनिन आहे आणि परदेशात सगळे हेच वापरतात. टॅनिन हा शब्द मी कॉलेजात वाचलेला. त्यामुळे आपल्याला काहीतरी कळतं या समजात पैसे मोजले आणि पोतं गाडीच्या डिकीत टाकलं. सकाळी दोन ओंजळी, संध्याकाळी दोन ओंजळी. 'नैसर्गिक आहे, जास्त झालं तरी काय बिघडतंय?' हे दुकानदाराचंच वाक्य मी आबांना ऐकवलं.

आबा एवढंच म्हणाले, "मापून देल्लं का हे? मिठालेबी माप असते, बाबू."

दोन आठवड्यांत गव्हाणीत कुटार उरायला लागलं. शेण घट्ट, कोरडं, त्यात न पचलेल्या काड्या तशाच. दूध आधीच कमी होतं, ते आणखी घटलं. शेवटी डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी म्हशीच्या आधी गव्हाण पाहिली.

"काय खाते?"

"सोयाबीनचं कुटार."

"आणखी?"

"थोडा गव्हांडा."

"ढेप?"

"साहेब, ढेपेचे भाव पाहिलेत का? अर्धा किलो देतो कशीबशी."

ते हसले आणि म्हणाले, "म्हणजे तिजोरीत दमडी नाही, आणि तुम्ही हे एवढं मोठं कुलूप आणून लावलंत."

हे वाक्य मला तेव्हा पूर्ण कळलं नव्हतं. नंतर वाचत गेलो, विचारत गेलो, तेव्हा कळलं. आणि कळल्यावर राग आला, तो थोडा स्वतःचा आणि बराचसा इतरांचा. तो राग आता क्रमाने सांगतो.

टॅनिन म्हणजे काय, ते आपल्या जिभेला चांगलं माहीत आहे. कच्चं जांभूळ, सुपारी, हिरडा, कोरा चहा. खाल्ल्यावर तोंड कोरडं होतं, जीभ आवळल्यासारखी वाटते, तो टॅनिनचा गुण. हे द्रव्य प्रथिनाला घट्ट धरतं. आपल्या लाळेतल्या प्रथिनांना धरलं की तोंड तुरट होतं. चहात दूध घातलं की तुरटपणा कमी होतो, कारण तिथे धरायला दुधातलं प्रथिन मिळतं. जनावराच्या कातडीतल्या प्रथिनाला धरलं की कातडं कुजत नाही, त्याचं चामडं होतं. आपल्याकडे कातडी कमावण्यासाठी बाभळीची साल, तरवडाची साल आणि हिरडा वापरत आले, ते याचसाठी. बाभळीच्या शेंगेतली, चहाच्या कपातली आणि चपलेच्या चामड्यातली गोष्ट एकच आहे.

आता हे द्रव्य म्हशीच्या पोटात काय करतं ते पाहू. रवंथ करणाऱ्या जनावराचं कोटीपोट म्हणजे शंभर-सव्वाशे लिटरची आंबवणाची टाकी. त्यात अब्जावधी सूक्ष्मजीव राहतात. आपल्याला पचत नाही तो कडबा हे जीव फोडतात आणि म्हशीला त्यातून ताकद देतात. पण ते तेवढ्यावर थांबत नाहीत. आपण दिलेली महागाची ढेपही तेच आधी खातात, तिच्यातल्या प्रथिनांचा अमोनिया करून टाकतात. त्यातला स्वतःला लागेल तेवढा वापरतात, उरलेला रक्तात जातो, यकृतात त्याचा युरिया होतो आणि बराचसा लघवीवाटे बाहेर. म्हणजे पैसे मोजून आणलेली ढेप मुतात गेली.

इथे टॅनिनचा उपयोग होतो. कोटीपोटात आम्लता कमी असते. तिथे टॅनिन प्रथिनाला धरून ठेवतं आणि सूक्ष्मजीवांना ते सहज फोडता येत नाही. ही जोडी पुढे चौथ्या पोटात, खऱ्या पोटात पोहोचली की तिथल्या तीव्र आम्लात मिठी सुटते. प्रथिन मोकळं होतं आणि आतड्यात जनावराच्या स्वतःच्या कामी येतं. शिवाय मिथेन तयार करणाऱ्या सूक्ष्मजीवांना टॅनिन आवर घालतं. जनावर खातं त्यातल्या ताकदीचा एक हिस्सा मिथेनच्या रूपाने वाया जातो. साधारण ६ टक्के धरतात, निकृष्ट चाऱ्यावर याहून जास्त. (आणि हो, हा वायू बहुतेक सगळा तोंडावाटे, ढेकरेतून जातो. मागच्या बाजूने जातो असं समजून जे विनोद फिरतात ते चुकीचे आहेत.)

तेव्हा विज्ञान खोटं नाही, हे आधीच कबूल करतो. न्यूझीलंडात 'लोटस' नावाचा टॅनिन असलेला चारा मेंढ्यांना घालून हे दाखवून दिलंय. चाऱ्यात २ ते ४ टक्के टॅनिन असेल तर फायदा, पोटफुगी होत नाही. ५-६ टक्क्यांच्या वर गेलं की जनावर खाणं कमी करतं आणि पचन बिघडतं. अमेरिकेच्या दक्षिण भागात शेळ्यांचे जंत औषधांना दाद देईनात, तेव्हा तिथल्या लोकांनी 'लेस्पेडेझा' हा टॅनिनयुक्त चारा जंतांसाठी वापरायला घेतला. आपल्याकडे बेंगळुरूच्या राष्ट्रीय पशुपोषण संस्थेने आधी चिंचोक्याच्या टरफलावर काम करून 'टॅमरिन प्लस' काढलं आणि मग 'हरित धारा' नावाचं टॅनिनयुक्त पूरक खाद्य तयार केलं. २०२१ मध्ये त्याची बातमी सगळीकडे झळकली: मिथेन १७ ते २० टक्के कमी, खर्च किलोला साधारण ६ रुपये. चांगलं काम आहे. त्या शास्त्रज्ञांशी माझं भांडण नाही. त्यांनी मोजून, मापून, ठराविक आहारावर प्रयोग केले.

माझं भांडण आहे ते मधल्या मधे 'आहार' हा शब्द गाळून टाकणाऱ्यांशी.

कोटीपोटातल्या सूक्ष्मजीवांना काम करायला एकूण आहारात किमान ७ टक्क्यांच्या आसपास प्रथिन लागतं. त्याखाली गेलं की ते स्वतःच उपाशी पडतात आणि कडबा फोडायचं काम मंदावतं. आता आमच्या गव्हाणीत काय आहे? सोयाबीनच्या कुटारात प्रथिन ४-५ टक्के, गव्हांड्यात त्याहून कमी. वर अर्धा किलो ढेप. म्हणजे सूक्ष्मजीव आधीच अर्धपोटी. त्यात मी टॅनिनची भुकटी ओतली आणि होतं नव्हतं तेवढं प्रथिनही त्यांच्या तोंडून काढून घेतलं. मग कुटार फुटेना, पोट रिकामं होईना, पोट भरलेलं म्हणून म्हैस खाईना, खाईना म्हणून दूध आटलं. डॉक्टरांचं कुलूप ते हेच. जिथे ढेप भरपूर आहे, हिरवा लसूणघास आहे, प्रथिन वाया जातंय, तिथे टॅनिन राखणदार. जिथे काहीच नाही तिथे तोच चोर.

हे एवढं साधं गणित. पण पोत्यावर ते नाही. पोत्यावर टॅनिन किती टक्के ते नाही, कोणत्या प्रकारचं ते नाही. (टॅनिनच्या दोन जाती आहेत. एक जात पोटात फारशी फुटत नाही. दुसरी फुटते आणि तिचे तुकडे रक्तात जाऊन यकृताला, मूत्रपिंडाला इजा करू शकतात. हिमाचल-उत्तराखंडात ओकची कोवळी पानं खाऊन गुरं दगावतात, ती याच पायी.) कोणत्या चाऱ्यासोबत द्यायचं ते नाही, कोणाला देऊ नये ते तर नाहीच. फक्त 'हर्बल' हा शब्द मोठ्या हिरव्या अक्षरांत. रुईचा चीकही हर्बलच असतो, धोतराही हर्बलच. आपल्याकडे हर्बल म्हटलं की माणसाची अक्कल गहाण पडते. माझी पडली होती, म्हणून सांगतोय.

आता जरा दुसऱ्या टोकाकडे वळू. पृथ्वी वाचवणाऱ्यांकडे.

मिथेन हा तापवणारा वायू आहे, शंभर वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडपेक्षा साधारण २८ पट. हे मी नाकारत नाही. पाऊस लांबतो, मग एका रात्रीत महिन्याचा पडतो आणि सोयाबीन शेंगेतच कोंब धरतं, हे सोसणारे आम्हीच. तेव्हा 'हवामानबदल वगैरे सगळं थोतांड' म्हणणाऱ्यांत मला बसवू नका. पण जबाबदारीची वाटणी करताना थोडी लाज असावी की नाही? डेन्मार्कने २०२४ मध्ये ठरवलं की २०३० पासून जनावरांच्या मिथेनवर कर लावायचा. तिथला शेतकरी एका गाईमागे जेवढं दूध काढतो, तेवढं आमच्याकडे एका गल्लीतल्या सगळ्या म्हशी मिळून देतील की नाही याची शंका आहे. युरोपात मिथेन घटवणारं रासायनिक औषध २०२२ मध्ये मंजूर झालं, तेही तिथल्या मोजून खाणाऱ्या गाईंसाठी. भारताने २०२१ च्या ग्लासगो परिषदेत जागतिक मिथेन करारावर सही केली नाही. मला ते योग्यच वाटलं. ज्याच्याकडे एक म्हैस आहे त्याच्या म्हशीची ढेकर मोजायला निघण्याआधी त्याच्या म्हशीच्या गव्हाणीत काय आहे ते मोजा.

आणि गंमत म्हणजे दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे. अर्धपोटी म्हैस दिवसाला दोन लिटर दूध देते आणि मिथेन सोडतच राहते. तिला नीट खायला मिळून तिने सहा लिटर दिलं, तर लिटरमागे मिथेन आपोआप खूप कमी होतं. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने संतुलित आहाराचा जो कार्यक्रम राबवला त्यामागचा विचारही हाच होता: जनावराला काय मिळतंय ते तपासा, कमी असेल ते द्या, जास्त असेल ते काढा. यात चमत्कार नाही. चमत्कार नाही म्हणून त्याचे निरोप फिरत नाहीत.

वाशीमकरांनी तर या बाबतीत स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यायला हवी. खरिपात आमच्या जिल्ह्याच्या बहुतेक रानात काय असतं? सोयाबीन. सोयाबीनच्या दाण्यात प्रथिन किती? जवळजवळ ४० टक्के. हा दाणा आम्ही बाजार समितीत नेऊन टाकतो. तेल गिरणीत राहतं आणि पेंड कोंबड्यांच्या खाद्यात नाहीतर जहाजात जाते. जिल्ह्यात उरतं ते कुटार. प्रथिनाचं कोठार असलेल्या जिल्ह्यातली म्हैस प्रथिनावाचून वाळते, याहून मोठा विनोद कुठला असेल? पूर्वी ज्वारी होती तेव्हा निदान कडबा होता, आंतरपिकातलं तुरीचं, मुगाचं कुटार होतं. ते गेलं.

यातली खरी मेख ऐका. सोयाबीनची पेंड कोटीपोटात फार लवकर फुटते, तिचं प्रथिन सूक्ष्मजीव फस्त करतात. म्हणून कारखान्यात पेंडीवर फॉर्मॅलिनची प्रक्रिया करून 'बायपास प्रोटीन' बनवतात. टॅनिनचं काम नेमकं इथे आहे. म्हणजे म्हशीला सोयाबीनची पेंड मिळाली असती, तर तिच्याबरोबर थोड्या बाभळीच्या शेंगा खरोखर शोभल्या असत्या. आधी पेंड, मग शेंग. आम्ही पेंड विकून टाकली आणि शेंगांची भुकटी विकत आणली!

आता तिसरी मंडळी. 'आपल्या पूर्वजांना हे सगळं माहीत होतं' वाली. निरोप टाकणाऱ्यांत यांचाच भरणा. नाही हो, सगळं माहीत नव्हतं. पूर्वजांना चामडं कसं कमवायचं हे माहीत होतं, ते कशामुळे होतं हे माहीत नव्हतं. १९७२ च्या दुष्काळात लोकांनी झाडांचा पाला ओरबाडून गुरांना घातला, तो काही पशुपोषणाचा अभ्यास नव्हता. दुसरं काही नव्हतं म्हणून घातला. त्या पाल्यावर जी गुरं तगली त्यांच्या गोष्टी आपण सांगतो. जी मेली त्यांच्या कोण सांगणार?

पण या मंडळींना झोडपताना विद्वानांनाही सोडायला नको. कृषी संशोधन परिषदेच्या कामात पडीक वस्तूंचा पशुखाद्यासाठी अभ्यास झाला. बाभळीच्या बियांची चुरी, चिंचोका, आंब्याची कोय, सालाच्या बिया. त्यात टॅनिन दिसलं की शेरा ठरलेला: 'पोषणविरोधी घटक'. विद्यार्थी तेच पाठ करत आले. मग न्यूझीलंडातून बातमी आली की टॅनिन उपयोगी आहे, तेव्हा पाटी बदलली आणि तेच द्रव्य 'खाद्यपूरक' झालं. खरं म्हणजे दोन्ही पाट्या अर्ध्याच. टॅनिन गुणीही नाही आणि गुन्हेगारही नाही. ते कोणाच्या पोटात, कशाबरोबर आणि किती, यावर सगळं आहे. आज जगाच्या बाजारात टॅनिन विकलं जातं ते अर्जेंटिनाच्या क्वेब्राचो झाडाचं, युरोपातल्या चेस्टनटचं, दक्षिण आफ्रिकेतल्या वॅटलचं. बाभूळ बांधावर उभी आहे तशीच. बिचारीचं शास्त्रीय नावसुद्धा गेलं. २००५ मध्ये व्हिएन्नाच्या वनस्पतिशास्त्र परिषदेत 'अकेशिया' हे नाव ऑस्ट्रेलियातल्या झाडांकडे गेलं, आणि आपली बाभूळ 'व्हॅचेलिया' झाली. ज्या जातीच्या झाडामुळे ते नाव पडलं होतं तिलाच घराबाहेर काढलं. असो.

बांधावर उभी आहे, असं मी लिहिलं खरं. पण कुठे उभी आहे?

आमच्या शिवारात माझ्या लहानपणी बांधाबांधावर बाभळी होत्या. नाल्याच्या काठाने तर रांग. वखर, पांभर, बैलगाडीची चाकं, सगळं त्याच लाकडाचं. एप्रिल-मे महिन्यात रान करपलेलं असायचं तेव्हा शेंगा पिकून पडायच्या. बाकी सगळा चारा संपतो नेमका तेव्हा पडणारा हा खुराक. आता ट्रॅक्टर आला, वखर लोखंडी झालं, बांध हे 'वाया गेलेलं रान' ठरलं. जेसीबी येतो आणि तासाभरात बांधासकट बाभूळ जमीनदोस्त. दोन तास जास्त सोयाबीन निघावं म्हणून. ई-क्लासची जमीन, जिथे गावाची ढोरं चरायची, तिच्यावर अतिक्रमण. जे उरलं तिथे वेडी बाभूळ, जिचा पाला बकरीही सहसा तोंडात धरत नाही.

मागच्या मे महिन्यात मानोरा तालुक्यात एका कामासाठी गेलो होतो. पोहरादेवीच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला तांड्यावरची एक म्हातारी बाई आकडीने बाभळीच्या शेंगा पाडत होती. भोवती पंचवीसेक बकऱ्या. माझं घाव ताजं होतं, म्हणून गाडी थांबवून विचारलं, "माय, या शेंगा बकऱ्यांना रोज घालता का? किती?"

तिने मला आपादमस्तक पाहिलं. शहरातला दिसतो, पण प्रश्न बरा विचारतो, अशा नजरेने.

"लय नाही देत. आंधी चरू द्याची. पोटात काही गेलं, मंग शेंगा. उपाशी पोटी देल्या तं बकरी सुकते."

झालं! आधी चारा, मग शेंग. रिकाम्या पोटी नाही, जास्त नाही. डॉक्टरांनी कुलूप-तिजोरीच्या भाषेत सांगितलं, कागदांत टक्क्यांच्या भाषेत लिहिलंय, तेच तिने बकरीकडे पाहून शिकलेलं. मी वर पूर्वजांची टिंगल केली आणि आता हिचं कौतुक करतोय, यात विरोधाभास आहे असं कोणी म्हणेल. नाही. पूर्वजांचं नाव घेणारे माप सांगत नाहीत. ही बाई माप सांगते. फरक तेवढाच, आणि तो फार मोठा आहे. शिवाय ती बकरीबद्दल बोलत होती, म्हशीबद्दल नाही. बकरी मुळातच झाडपाल्यावर वाढणारी. ती तुरट पाला गाई-म्हशींपेक्षा बरा सोसते. ऑस्ट्रेलियात झाडपाला खाणाऱ्या रानटी बकऱ्यांच्या पोटात टॅनिनला दाद न देणारे जिवाणूही सापडलेत. आमच्या गटावरच्या निरोपात गाय, म्हैस, बकरी सगळं एकाच ओळीत होतं.

जाता जाता तिने आणखी एक सांगितलं. रात्री बकऱ्या रवंथ करताना शेंगेतल्या बिया टाकतात, सकाळी गोठा झाडला की त्या गोळा होतात. पूर्वी लोक त्या पेरायला मागून न्यायचे. "आता कोनी मागत नाही," ती म्हणाली.

यावर शेतकरी मित्र म्हणतील की तुला नोकरी आहे, बाभळीचं प्रेम परवडतं. सावलीत पीक येत नाही, काटे टायरमध्ये घुसतात, पाखरं बसतात. सगळं खरं आहे. बाभळीखाली चार तासांचं सोयाबीन खुरटतं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पाच-सहा एकरवाल्याने प्रत्येक बांधावर झाडं राखावीत असं मी म्हणणार नाही. पण नाल्याचा काठ, ई-क्लास, रस्त्याची कड, पाझर तलावाची भिंत सोडून आजूबाजूची जागा? तिथे तर कोणाचं सोयाबीन नाही. दरवर्षी पावसाळ्यात वृक्षलागवडीचे फोटो निघतात. त्यात गुलमोहर आणि निलगिरी लावण्यापेक्षा बाभूळ, अंजन, बोर लावायला काय हरकत आहे? लावा, पण मग त्याला कुंपण घालून गुराख्यालाच हाकलून देऊ नका. चारा गुरांसाठी लावायचा आणि गुरांनाच बंदी, हा उद्योगही आपल्याकडे होतो.

थोडक्यात काय, तर माझी मागणी फार मोठी नाही.

जो कोणी टॅनिन विकतो त्याने पोत्यावर लिहावं: कोणतं झाड, कोणतं टॅनिन, किती टक्के, दिवसाला किती ग्रॅम, आणि कोणत्या आहारासोबत. आणि ठळक अक्षरांत: फक्त कुटार-गव्हांड्यावर असलेल्या जनावराला देऊ नये. सरकारला हे लिहायला लावता येत नसेल तर निदान घेणाऱ्याने विचारावं. उत्तर नसेल तर पोतं तिथेच ठेवून यावं.

पशुपालनाच्या शिबिरांत मिथेनवर भाषण देण्याआधी, समोर बसलेल्या माणसाला त्याच्या गव्हाणीत काल काय होतं हे विचारावं. करड्याच्या कृषी विज्ञान केंद्रात, अकोल्याच्या पशुवैद्यकीय संस्थेत जाणकार माणसं आहेत. आमच्या कुटाराचा, आमच्या बाभळीचा हिशोब त्यांनी आम्हाला आमच्या भाषेत मांडून द्यावा. न्यूझीलंडच्या मेंढीचा नको.

आणि ज्यांच्याकडे सोयाबीन आहे त्यांनी, मी धरून, वर्षातून चार पोती पेंड घरच्या जनावरासाठी परत आणायचा हिशोब करून पाहावा. ढेपेपेक्षा महाग पडते का, किती दूध वाढतं, वहीत लिहावं. मी सुरू केलंय. एका म्हशीवरून मोठे निष्कर्ष काढायचे नसतात हे मला माहीत आहे, म्हणून आकडे इथे देत नाही. निदान गव्हाणीत कुटार उरत नाही, एवढं सांगतो.

ते पोतं? अर्धं अजून कोपऱ्यात पडून आहे. डॉक्टरांनी सांगितल्या दिवशीच बंद केलं, ढेप वाढवली, पंधरवड्यात म्हैस पुन्हा पूर्वीसारखी खायला लागली. आबांनी त्या प्रकरणावर नंतर एक शब्द काढला नाही. पण परवा गटावरचा तो निरोप मी त्यांना वाचून दाखवला. पृथ्वी वाचवा इथपर्यंत आलो तेव्हा ते उठले आणि गव्हाणीत कुटार टाकत म्हणाले,

"वाचव ना. आंधी हिले वाचव."